ऐरोलीत राहिलो की राहत होतो? फ्रेंचच्या आँपार्फे काळाची सोपी उकल

नौपाड्यात किंवा वाशीत संध्याकाळच्या फ्रेंच क्लासमध्ये डोकावलात तर दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. एक, अकरावी-बारावीत 'स्कोरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं. दुसरे, ऑफिसची बॅग खांद्याला लावून थेट स्टेशनवरून आलेली तिशी-पस्तिशीची मंडळी. या दुसऱ्या गटाचं कारण बहुतेक वेळा कॅनडा असतं. २०२३ पासून कॅनडाने एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना गुणांवर निवडण्याच्या पद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या काढायला सुरुवात केली. त्यांचा कटऑफ सर्वसाधारण फेऱ्यांपेक्षा बराच खाली असतो. मुख्य अट ही, की ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही बाबतींत एनसीएलसी या कॅनडाच्या फ्रेंच मोजण्याच्या मापावर किमान सातवी पातळी हवी. शिवाय फ्रान्सनेही २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी घेण्याचं लक्ष्य जाहीर केलं आहे, त्यामुळे पहिल्या गटातल्या काहींचे पालकही आता फ्रेंचकडे गुणांपलीकडे बघू लागले आहेत.

दोन्ही गट अडतात ते एकाच वळणावर. भूतकाळ सांगायला फ्रेंचमध्ये रोजच्या वापरातले दोन काळ आहेत आणि कुठे कुठला हे कळत नाही. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ए-टू या प्राथमिक पातळीवर 'तुमचा एखादा अनुभव लिहा' असा प्रश्न येतो. कॅनडाला जाणारे देतात त्या टेफ कॅनडा या फ्रेंच परीक्षेच्या लेखी भागात तर सुरुवातच अशी, की एका किरकोळ बातमीचं पहिलं वाक्य दिलेलं असतं, पुढची बातमी तुम्ही रचायची. दोन्हीकडे काळाची निवड चुकली की गोष्ट वाचणाऱ्याला कळते, पण वाक्यागणिक खडा लागत राहतो.

माझं मत सांगून टाकतो: या दोनांतला आँपार्फे हा काळ मुळात मराठी माणसाला अवघड नाही. तो इंग्रजीमार्गे शिकवला जातो, म्हणून अवघड होतो.

आधी नावं

पासे कोंपोझे म्हणजे 'झालं, केलं, गेलं' सांगणारा काळ. आँपार्फे म्हणजे 'होत होतं, असायचं, जायचं' सांगणारा. नावाचा शब्दशः अर्थ 'अपूर्ण', आपल्या शालेय व्याकरणातल्या अपूर्ण भूतकाळाचा सख्खा भाऊ. एवढ्या दोन संज्ञा पुरेत. फ्रेंच उच्चार मी देवनागरीत जवळपास जाईल असे लिहितो आहे. मूळ स्पेलिंग तुमच्या वहीत असू द्या.

रूपं बनवणं: एका संध्याकाळचं काम

फ्रेंच वर्तमानकाळ पाठ करताना ज्यांनी घाम गाळला आहे त्यांच्यासाठी ही चांगली बातमी. आँपार्फेची रूपं जवळजवळ शंभर टक्के नियमात बसतात.

कृती अशी: क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'नू' म्हणजे 'आम्ही'चं रूप घ्या. त्याच्या शेवटचं 'ओं' काढा. उरलेल्या भागाला नवे प्रत्यय लावा. बोलणे म्हणजे पार्ले (विलेपार्ल्याशी संबंध नाही). 'आम्ही बोलतो' हे नू पार्लों. 'ओं' काढलं, 'पार्ल' उरलं. आता मी, तू आणि तो यांसाठी अनुक्रमे ए-आय-एस, ए-आय-एस आणि ए-आय-टी. आम्ही आणि तुम्ही यांसाठी आय-ओ-एन-एस आणि आय-ई-झेड. ते यासाठी ए-आय-ई-एन-टी. म्हणून झ पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, व्हू पार्लिये, इल पार्ले.

'नू'च का? कारण आडदांड क्रियापदं 'मी'च्या रूपात आपलं मूळ लपवतात आणि 'आम्ही'च्या रूपात उघड करतात. 'मी पितो' हे झ ब्वा, पण 'आम्ही पितो' नू ब्युव्हों; म्हणून 'मी पीत होतो' झ ब्युव्हे. 'मी घेतो' हे झ प्राँ, आम्ही नू प्रनों. म्हणून झ प्रने. संपवणे या क्रियापदाचं नू फिनिसों, त्यावरून झ फिनिसे. जवळ असणे, जाणे, करणे यांच्यासारखी रोजची वात्रट क्रियापदंही इथे शहाण्यासारखी वागतात: जवळ असणे याचं झाव्हे, जाणे याचं झाले, करणे याचं झ फझे.

खरा अपवाद एकच: 'असणे', म्हणजे एत्र. त्याचं 'आम्ही'चं रूप नू सोम, त्यात 'ओं' नाहीच, मग काढणार काय? त्याला 'एत' हे वेगळं मूळ दिलं आहे: झेते, त्यु एते, इल एते, नू झेतियों, व्हू झेतिये, इल झेते. हे सहा घोकून टाका. ऐंशी टक्के वर्णनं याच्यावर निघतात असं म्हणायचा मोह होतो, आकडा सोडा, पण सगळ्यात जास्त तेच लागतं. पाऊस पडणे किंवा 'पाहिजे असणे' यांना 'आम्ही'चं रूपच नसतं. तिथे थेट इल प्लोव्हे आणि इल फाले लक्षात ठेवायचं.

स्पेलिंगची दोन बारीक कुसळं. खाणे, म्हणजे माँझे: झ माँझेच्या स्पेलिंगमध्ये 'जी'नंतर एक मुका 'ई' राहतो, नाहीतर 'झ'चा 'ग' होईल, पण नू माँझियोंमध्ये पुढे 'आय' असल्यामुळे त्या 'ई'ची गरज नाही, तो जातो. आणि ज्यांच्या मुळातच शेवटी 'आय' आहे, उदाहरणार्थ अभ्यास करणे, त्यांच्या 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत लागोपाठ दोन 'आय' येतात. छपाईची चूक वाटते, पण ती चूक नसते.

कानाला सगळं सारखंच ऐकू येतं, मग ओळखायचं कसं?

बरोबर पकडलंत. मी, तू, तो, ते या चौघांची रूपं लिहायला तीन प्रकारची आणि ऐकायला एकच. फ्रेंच माणूस कर्त्यावरून ओळखतो, म्हणून तर फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. मराठीत 'जात होतो' म्हटलं की 'मी' सांगावा लागत नाही; तिथे सांगावाच लागतो. स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदांत थोडी मदत मिळते: 'तो होता' इल एते, 'ते होते' इल झेते. मधला तो 'झ' ऐकू आला की माणसं एकाहून जास्त आहेत.

हे प्रत्यय फ्रेंचांनाही एके काळी छळायचे. अठराव्या शतकात ते 'ए'ऐवजी 'ओ' लावून, ओ-आय-एस असे लिहायचे, जरी उच्चार केव्हाच 'ए'कडे सरकला होता. व्हॉल्तेअरने नव्या स्पेलिंगचा हट्ट धरला. फ्रेंच अकादमीने ते आपल्या शब्दकोशात घेतलं १८३५ मध्ये, व्हॉल्तेअर जाऊन अर्धशतक उलटल्यावर. आपल्या शुद्धलेखन समित्यांना उगाच नावं ठेवतो आपण.

मुद्द्याची गोष्ट: बोगद्याच्या आत की बाहेर

कल्याणकडे जाणाऱ्या फास्ट लोकल वर्षानुवर्षं पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. गाडी आत असताना डब्यातल्या माणसाला मागचं तोंड दिसत नाही आणि पुढचंही नाही. अंधार आहे, खडखडाट आहे, कुणीतरी शिट्टी मारतंय. आत आहोत, एवढंच कळतं. आता तोच प्रवास डोंगरावर उभ्या माणसाच्या नजरेने बघा: गाडी या तोंडातून आत शिरली, त्या तोंडातून बाहेर आली. सुरुवात, शेवट, सगळं एका नजरेत.

डब्यातली नजर म्हणजे आँपार्फे. डोंगरावरची नजर म्हणजे पासे कोंपोझे. प्रसंग तोच, सांगणारा कुठे उभा आहे यावर काळ ठरतो. घटनेची दोन्ही टोकं तुम्हाला दाखवायची असतील तर पासे कोंपोझे. टोकं दाखवायची नसतील, नुसतं 'तेव्हा असं चाललं होतं' किंवा 'तेव्हा असं असायचं' म्हणायचं असेल तर आँपार्फे.

म्हणूनच गोष्टीत दोघं जोडीने येतात. इल प्लोव्हे, पाऊस पडत होता: डब्यातली नजर, पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला याच्याशी घेणंदेणं नाही. त्यात काहीतरी घडतं, फोन वाजला, कुणी पडलं, दिवे गेले: ते पासे कोंपोझे. सवयही याच हिशेबात बसते. आजी दर सोमवारी कौपिनेश्वराला जायची: मा ग्राँ-मेर आले ओ ताँप्ल तू ले लँदी. प्रत्येक सोमवारची खेप पूर्ण झालेली होती, पण जाण्याचा तो सिलसिला मात्र आतून पाहिलेला आहे.

म्हणजे जे जास्त वेळ चाललं ते आँपार्फे, असंच ना?

नाही. ही समजूत सगळ्यात चिवट. 'लांबलेली क्रिया' अशी व्याख्या वहीत उतरवून घेतलेली असते आणि ती मग प्रत्येक निबंधात गुण खाते.

'मी दहा वर्षं ऐरोलीत राहिलो.' दहा वर्षं म्हणजे काही कमी काळ नाही. तरीही फ्रेंचमध्ये झे आबिते दिझाँ आ ऐरोली, म्हणजे पासे कोंपोझे. कारण 'दहा वर्षं' म्हणताच तुम्ही दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्यात. उलट 'तेव्हा मी ऐरोलीत राहत होतो' हे झाबिते आ ऐरोली, मग तिथे महिनाभरच काढला असला तरी. उच्चारात फरक किती बारीक आहे बघा: झे आबिते आणि झाबिते. लेखी परीक्षेत मात्र तो लपत नाही.

वेळ मोजली की पासे कोंपोझे, वेळा मोजल्या तरी पासे कोंपोझे. 'तीनदा गेलो' याला टोकं आहेत. 'नेहमी जायचो' याला नाहीत. एक गुगली तेवढी आहे. 'पाँदाँ' म्हणजे अमुक काळभर, तो मोजून संपलेला, म्हणून पासे कोंपोझे. पण 'दप्युई' म्हणजे अमुक काळापासून: 'मला ऐरोलीत राहून दहा वर्षं झाली होती, तेव्हा बदली झाली' यात बदलीच्या क्षणी राहणं चालूच होतं. म्हणून तिथे आकडा असूनही झाबिते.

क्लासमध्ये सूचक शब्दांची यादी देतात: 'अचानक', 'काल' दिसलं की हा काळ, 'अनेकदा', 'रोज' दिसलं की तो. यादी सुरुवातीला कुबडी म्हणून ठीक. पण 'काल' असूनही 'काल पाऊस पडत होता' याला आँपार्फेच लागतो, आणि 'मी तिथे अनेकदा जेवलोय' हे फ्रेंचमध्ये बिनदिक्कत पासे कोंपोझेत येतं. टोकं तपासा, शब्द नको.

इंग्रजी बाजूला ठेवा

इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी रोज जायचो' या दोन्हींसाठी साधा भूतकाळ चालतो. 'मला माहीत होतं' आणि 'मी थकलो होतो' यांतही चालू भूतकाळाची खूण नसते. त्यामुळे इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी नेमक्या ठिकाणी आंधळा होतो. मराठीत हे भेद तोंडावर आहेत. 'जात होतो' हा अपूर्ण भूतकाळ, 'जात असे', 'जाई', 'जायचो' हा रीती भूतकाळ. फ्रेंचने या दोन्हींना एकाच आँपार्फेत कोंबलं आहे. म्हणजे आपल्याकडे जे भेद आहेत त्याहून कमीच तिथे सांभाळायचे आहेत.

काही क्रियापदांचा अर्थ काळाबरोबर बदलतो असं पाठ्यपुस्तकं गंभीरपणे सांगतात. मराठी माणसाला यात नवं काही नाही. झ साव्हे म्हणजे 'मला माहीत होतं', झे स्यु म्हणजे 'मला कळलं'. इल पूव्हे म्हणजे 'त्याला करता येत होतं', केलं की नाही माहीत नाही. इल आ प्यु म्हणजे 'करता आलं', जमलं एकदाचं. झ कोनेसे म्हणजे 'ओळखत होतो'. 'ओळख झाली' म्हणायचं तर पासे कोंपोझे.

पण 'होतो' फसवतो त्याचं काय?

फसवतो खरा, आणि इथे थांबून नीट बघायला हवं.

सोमवारी ऑफिसात विचारतात, रविवारी काय केलं? आपण म्हणतो, 'दादरला गेलो होतो.' यात अपूर्ण काहीच नाही, गेलो, खरेदी केली, आलो. मराठी इथे सहजच 'होतो' जोडते. फ्रेंचमध्ये हे साधं पासे कोंपोझे: झ स्वि झाले. 'होतो' ऐकून आँपार्फे लावलात तर ऐकणारा विचारात पडेल की हा दादरला जात असताना वाटेत काय झालं.

याच्या बरोबर उलटी जात म्हणजे 'बसला होता', 'भूक लागली होती', 'साडी नेसली होती', 'झोप लागली होती'. रूप पूर्ण भूतकाळाचं, पण अर्थ त्या क्षणीच्या स्थितीचा. फ्रेंचमध्ये हे सगळे आँपार्फे: बसलेला होता म्हणून इल एते तासी, भूक होती म्हणून झाव्हे फँ, साडी अंगावर होती म्हणून एल पोर्ते अँ सारी, झोपलेला होता म्हणून इल दोर्मे. मराठी क्रिया सांगून स्थिती सुचवते, फ्रेंच थेट स्थिती सांगते.

दोन जाती वेगळ्या करायला एक चाचणी आहे. 'होता' काढून 'आहे' घाला आणि त्या क्षणी तिथे उभं राहून वाक्य म्हणा. 'तो बाकावर बसला आहे', 'मला भूक लागली आहे': बसतं. म्हणजे त्या क्षणीची स्थिती, आँपार्फे. दादरची खरेदी उरकून घरी आलेला माणूस 'मी दादरला गेलो आहे' म्हणणार नाही. म्हणून तिथे आँपार्फे नाही.

'मी ठाण्याला पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' हा तिसरा प्रकार. भूतकाळातल्या क्षणाच्याही आधी झालेलं. त्याला फ्रेंचमध्ये वेगळा काळ आहे, पण तो बनतो एत्र किंवा आव्ह्वार (जवळ असणे) यांच्या आँपार्फेला जोड देऊनच: एते पार्ती. म्हणजे या दोघांची आँपार्फेची रूपं पाठ असली की तोही पदरात पडला.

आता परीक्षेत येते तशी एक बातमी रचून बघू. 'रात्रीचे अकरा वाजले होते. पाऊस पडत होता. तलावपाळीवर कोणी नव्हतं. एक आजोबा बाकावर बसले होते. अचानक एक कुत्रा आला आणि त्यांची पिशवी घेऊन पळाला. आजोबा हसले.' पहिली चार वाक्यं आँपार्फे: इल एते ओंझर, इल प्लोव्हे, इल न्याव्हे पेर्सोन, आणि आजोबा एते तासी. कुत्र्यापासून पुढचं सगळं पासे कोंपोझे. आजोबांचं हसणंही, कारण ते पिशवी गेल्यानंतर सुरू झालं. कुत्रा यायच्या आधीपासून ते स्वतःशीच हसत बसले असते, तर मात्र आँपार्फे, आणि मग बातमी जरा वेगळीच झाली असती.

बोलताना सगळं पासे कोंपोझेत ढकललं तर?

समजेल. पण चार वाक्यांच्या वर्णनात 'पाऊस पडला, कोणी नाही झालं, आजोबा बसले' असं ऐकू येईल. पार्श्वभूमी उभीच राहत नाही, नुसत्या घटनांची रांग. सातव्या पातळीचा परीक्षक हेच बघतो की तुम्हाला गोष्ट सांगता येते का.

भूतकाळाशी संबंध नसलेला आँपार्फे

इथे तर मराठी सरळ हात देते. कुणाकडे काही मागायला गेलं की आपण म्हणतो, 'मला जरा विचारायचं होतं.' होतं? आता विचारायचं आहे की! पण 'आहे' म्हटलं तर आडमुठं वाटतं. फ्रेंच माणूस अगदी हेच करतो: झ व्हूले व्हू दमाँदे. सुचवायचं असेल तरी तेच, 'सिनेमाला गेलो तर?' हे सी ओं नाले ओ सिनेमा? भातुकली खेळताना फ्रेंच मुलं 'तू डॉक्टर, मी पेशंट' अशी वाटणी करतात तीसुद्धा आँपार्फेत.

आणि जर-तर. 'वेळ असता तर आलो असतो' हे आत्ताबद्दल म्हणायचं असेल तर 'जर'च्या भागात आँपार्फे: सी झाव्हे ल ताँ. 'तर'च्या भागात संकेतार्थी रूप: झ व्हियँद्रे. त्या संकेतार्थी रूपाचे प्रत्यय आँपार्फेचेच आहेत, फक्त ते भविष्यकाळाच्या मुळाला लागतात. या 'सी'नंतर मात्र संकेतार्थी रूप कधीही नाही. फ्रेंच मुलंही घरी 'सी झोरे' म्हणतात आणि आयांकडून ओरडा खातात.

पेपरात मात्र वेगळंच वाचलं

जरा पुढे गेलेल्या विद्यार्थ्याची ही हमखास तक्रार. फ्रेंच वर्तमानपत्रात तारीख दिलेली, एकदाच घडून संपलेली घटना, टोकं ठसठशीत, आणि क्रियापद आँपार्फेत! सामन्याच्या वृत्तांतात तर शेवटच्या मिनिटाला झालेला गोलही असा येतो. हा लेखणीचा नखरा आहे. संपलेल्या घटनेला मुद्दाम डब्यातल्या नजरेने दाखवायचं, म्हणजे ती डोळ्यांसमोर ताणली जाते. '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली' हे वाक्य एखादा फ्रेंच पत्रकार पासे कोंपोझेऐवजी 'आरिव्हे' म्हणजे 'पोहोचत होती' असं लिहून मोकळा होईल आणि वाचकाला ते खटकणार नाही. वाचताना ओळखा. टेफच्या बातमीत तुम्ही हे केलंत तर परीक्षक नखरा समजणार नाही, चूक समजेल. तिथे गाडी सरळ पासे कोंपोझेने ठाण्याला आणा.